पंचफुलाची खुडूक

मी खुडूक कोंबडी बोलतेय. नाक मुरडू नका. खुडूक म्हटलं की माणसांच्या कपाळाला आठी पडते, हे मला माहीत आहे. खुडूक अंडी द्यायचं बंद करते, पिसं फुलवून उबवायला बसून राहते, जवळ गेलं की टोचते, आणि दिवसातून एकदा उठून अशी घाण टाकते की वास अंगणभर पसरतो. सगळं खरं आहे. पण घाण कशाला म्हणायचं, याबद्दल माझंही काही मत आहे. ते आज सांगते.

माझा जन्म परभणीजवळच्या झरी गावापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात झाला, पंचफुलाच्या घरी. घर बौद्ध वस्तीतलं. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे. गावातली माणसं तिला अजून जुन्याच नावानं ओळखायची. पंचफुलाचा नवरा लिंबाजी आबासाहेबांकडे सालगडी होता. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे शेतकरी. पंचफुला रोजानं खुरपायला जायची आणि घरी पाच-सहा कोंबड्या सांभाळायची.

पहिल्यांदा मी खुडूक झाले तेव्हा पंचफुलानंही माझे हालच केले. तिला बाजारासाठी अंडी हवी होती. मला पाय धरून थंड पाण्याच्या बादलीत बुडवलं, नाकातून माझंच पीस आरपार घातलं, आणि उन्हात खुंटीला बांधून ठेवलं. असं केलं की खुडूकपणा जातो म्हणतात. ओली, नाकात पीस अडकलेली, मी दिवसभर उभी होते आणि बाकीच्या कोंबड्या येऊन टोचून जात होत्या. आई व्हायची इच्छा झाली म्हणून एवढी शिक्षा. माणसाच्या हाताची किळस मला तेव्हापासून आहे.

पण दुसऱ्या वेळी मी बसले तेव्हा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी मागे हटणार नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं टोपल्यात राख पसरली, वर भुसकट आणि कडुलिंबाचा पाला घातला, पिसवा होऊ नयेत म्हणून. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून कोपऱ्यात लोखंडाचा तुकडा ठेवला. मला बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं, नाहीतर त्या माझ्याच टोपल्यात अंडी घालून जातात आणि कुठलं जुनं, कुठलं ताजं काही कळत नाही. रोज एकदा ती मला उचलून बाहेर आणायची, दाणा-पाणी दाखवायची, धुळीत लोळू द्यायची आणि पुन्हा आत बसवायची. त्या वेळी माझं एकही अंडं वाया गेलं नाही. ही बातमी गावात वर पोचली.

वर म्हणजे आबासाहेबांच्या घरी. त्यांनी परभणीहून पांढऱ्याशुभ्र, लाल तुऱ्याच्या, भरपूर अंडी देणाऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. त्यांची बायको सुमनबाई या कोंबड्यांवर जीव टाकायची. पण या पांढऱ्यांची एक गोम होती. त्या खुडूक होत नाहीत. अंडं घालतात आणि मागे न बघता निघून जातात. सुमनबाईला पिल्लं हवी होती आणि उबवायला कोणी नव्हतं. शेवटी तिनं लिंबाजीजवळ निरोप धाडला, की पंचफुलाची खुडूक पाठव, पिल्लं निम्मी निम्मी.

अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ होता तो. पंचफुला मला काखेत घेऊन मागच्या दारानं गेली. सुमनबाईनं मला हात लावण्याआधी माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. मी उकिरडा उकरून जगणारी. माझ्या पायाला कुणाच्या घरचं काय लागलेलं असतं ते माझं मला ठाऊक. सुमनबाईच्या पांढऱ्या कोंबड्या त्याच वेळी गुरांच्या शेणातले किडे वेचत होत्या. त्यांच्यावर कोणी काही शिंपडलं नाही. म्हणजे घाण माझ्या पायाला नव्हती, मी आले त्या वाटेला होती.

मला गोठ्याच्या कोपऱ्यात बसवलं. पोटाखाली पांढरी अंडी. माझी नव्हती, पण ऊब द्यायला बसल्यावर मी कधी असा हिशेब केला नाही. सुमनबाईनं हात घातला की मी टोचायचे, म्हणून पंचफुला रोज शेतावरून परतताना येऊन मला उठवायची. सुमनबाई तिच्या पदरात वरूनच कण्या टाकायची, हात लागू नये इतक्या वरून. निम्म्या कण्या खाली सांडायच्या. त्या मी खायचे.

अंडी पिकत आली होती, आतून चोचींची हालचाल जाणवत होती, तेव्हाच गावात काहीतरी बिनसलं. गोठ्याला लागून आबासाहेबांची ओसरी. संध्याकाळी तिथं माणसं जमायला लागली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं मुंबईत ठरलं होतं, त्यावरून ती माणसं पेटली होती. त्यातल्या एकानंही ते विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं, हे त्यांच्याच बोलण्यातून कळत होतं. पण नाव बदललं तर जणू त्यांच्याच दारावरची पाटी बदलणार होती. ती तंबाखू खायची आणि गोठ्याच्या बाजूला थुंकायची. माझ्या टोपल्याच्या काठावर त्या पिचकाऱ्या वाळून काळ्या पडल्या. सर्वांत जोरात बोलायचा आबासाहेबांचा धाकटा भाऊ चंद्रभान. त्याच्या बोलण्याला आणि थुंकण्याला एकच आवाज होता.

एक दिवस त्यांनी ठराव केला. वस्तीशी देणंघेणं बंद. दुकानातून मीठ-मिरची नाही, गिरणीत दळण नाही, शेतावर काम नाही. ज्यानं मोडला त्याला दंड. लिंबाजीला दुसऱ्याच सकाळी शेतातल्या आखाड्यावरून परत पाठवलं. पंचफुलाचं येणं थांबलं.

मग माझं काय करायचं, असा प्रश्न आला. चंद्रभान म्हणाला, फेकून द्या ती कोंबडी, वस्तीवरची आहे. आबासाहेबांनी पान चघळत विचार केला. म्हणाले, "अंडी आपली हायत. पिल्लं निघू द्या, मग बघू."

म्हणजे ठराव मीठ-मिरचीला होता, माणसाच्या पोटाला होता, पण माझ्या पोटाखालच्या उबेला नव्हता. तिथून मला त्या घराचा दाणा नकोसा झाला. तरी खात होते, खोटं कशाला बोलू. अंड्यांवर बसलेल्या बाईला रुसता येत नाही.

आता मला उठवायचं काम सुमनबाईवर आलं. ती हाताला चिंधी गुंडाळायची, नाक पदरानं दाबायची आणि मला मानेला धरून बाहेर ठेवायची. मी तिला दोनदा रक्त निघेपर्यंत टोचलं. तिनं चिंधीनंच ते पुसलं. एकदा नुसती गव्हाणीला टेकून बसून राहिली, ओसरीवरची बडबड ऐकत.

पिल्लं निघाली. पिवळीधमक, कापसासारखी. जी चोच आत टकटक करत होती ती बाहेर येऊन माझ्या डोळ्यांत बघायला लागली. सुमनबाई हरखली. तिनं बारीक कण्या भिजवून आणल्या आणि पाणी उथळ परळात ठेवलं, पिल्लं बुडू नयेत म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा हात मला नुसता हात वाटला.

पंचफुलाला कसं कळलं कोण जाणे. ती परसाच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. तिचे गाल बसले होते. दळण दळायला वस्तीतल्या बाया डोक्यावर पायली-पायली धान्य घेऊन झरीपर्यंत चालत जात होत्या, तेही कोणी वाटेत अडवलं नाही तर. तिनं शांतपणे आपली कोंबडी आणि आपला वाटा मागितला.

सुमनबाईनं मागं वळून ओसरीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "गावाचा ठराव हाय पंचफुला. माझ्या हातात काय हाय?"

"कोंबडी माझी हाय मालकीण. ठरावाची न्हाई."

सुमनबाई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पंचफुला बराच वेळ उभी होती. मी पिल्लांसह झाकलेल्या डाल्याखालून तिला ओळखीचा आवाज दिला. तिनं ऐकला असेल. मग ओसरीवरून कोणी तरी खाकरलं, तशी ती निघून गेली.

त्यानंतर पांढऱ्या कोंबड्यांत मर आली. पहिल्या दिवशी दोघी-तिघी कोपऱ्यात गप्प उभ्या राहिल्या. मग तोंडातून लाळ, खाली हिरवं पाणी, माना वळून पाठीला लागलेल्या. चंद्रभाननं बाजारातून दोन कोंबड्या आणून तशाच कळपात सोडल्या होत्या, त्यातली एक आल्यापासून मलूल होती. नवीन आणलेलं पाखरू काही दिवस वेगळं ठेवायचं असतं. पण ते सांगणार कोण आणि ऐकणार कोण. सुमनबाईनं हळद दिली, लसूण चारला, कांद्याचा रस पाजला. एकेक पांढरी कोंबडी तिच्या हातात मान टाकत गेली. मी आणि पिल्लं गोठ्यात वेगळी होतो, म्हणून वाचलो.

पण आम्ही वाचलो, हाच माझा गुन्हा ठरला. चंद्रभान म्हणाला, वस्तीवरची कोंबडी घरात आणली म्हणून रोग लागला, बघा, हिला काही झालं नाही. सगळ्यांना ते पटलं. अशी गोष्ट माणसांना किती लवकर पटते.

दिवेलागणीची वेळ होती. चंद्रभान गोठ्यात आला, डालं लाथेनं उडवलं, माझे पाय सुतळीनं आवळले. पिल्लं त्याच्या चपलांखालून सैरावैरा पळत होती. मला त्यानं मोठ्या वेताच्या पाटीत टाकलं. पाटीत मेलेल्या पांढऱ्या कोंबड्या होत्या, कालच्या, परवाच्या. पोटं फुगलेली, डोळ्यांत मुंग्या. वरून आणखी टाकल्या. माझ्या चोचीत दुसरीच्या तोंडातली लाळ गेली. मी उकिरड्यावर आयुष्य काढलंय, मेलेला उंदीर मी मिटक्या मारत खाल्लाय, पण तसा वास मी कधी घेतला नव्हता.

मला वाटलं शेतात खड्डा करून पुरतील. चंद्रभान आणि त्याच्यासोबतचे दोघं ओढ्याकडे वळले. वस्तीची विहीर ओढ्याच्या काठाला आहे, दगडांची, जुनी. त्यांनी पाटी काठावर टेकवली आणि उलटी केली. खाली एकामागून एक धप्प, धप्प आवाज येत गेले. ते हसत होते. एक जण म्हणाला, आता प्या म्हणावं.

मी पाण्यापर्यंत पोचले नाही. विहिरीच्या आत एका कपारीतून पिंपळाचं रोप बाहेर आलंय, त्याच्या फांदीत माझी सुतळी अडकली. तिथं मी उजाडेपर्यंत उलटी लटकत होते.

सकाळी पंचफुला घागर घेऊन आली. पोहरा सोडला, आणि पोहऱ्यात पाण्याबरोबर एक पांढरी कोंबडी वर आली. पंचफुलानं पोहरा काठावर ठेवला. तिनं वाकून खाली पाहिलं आणि तिला मी दिसले.

लिंबाजी कपारीत पाय रोवत उतरला आणि त्यानं मला सोडवलं. मग तो तसाच खाली पाण्यात उतरला. वस्तीतले आणखी गडी आले. कोणी म्हणालं, परभणीला जाऊन पोलिसांत सांगू. कोणी म्हणालं, सांगून परत इथंच यायचं आहे. लिंबाजी खालून म्हणाला, आधी पाणी साफ करू. ते एकेक कोंबडी वर देत होते आणि बाया ती बाभळीखाली टाकत होत्या. भिजून दुप्पट झालेल्या, पिसं सुटायला लागलेल्या. माश्यांचं मोहोळ उठलं. मग पोहऱ्यांनी पाणी उपसायला सुरुवात झाली. लहान मुलं तहानेनं रडत होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी मातीत ओतलं जात होतं.

पंचफुलानं माझ्या सुजलेल्या पायाला हळद-तेल लावलं आणि मला दारात डाल्याखाली ठेवलं. मी काही खाल्लं नाही. माझं सगळं ध्यान पिल्लांकडे होतं. एवढ्या लहान पिल्लांना कोणी पंखाखाली घेतलं नाही तर ती पावसाळ्यात दोन दिवसही काढत नाहीत.

दुपार कलली तेव्हा मला त्यांचा आवाज आला. आधी वाटलं भास आहे. मग दिसलं, सुमनबाई येत होती. एकटी, बांधाबांधानं, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, कमरेवर टोपलं, टोपल्यावर फडकं. फडक्याखालून चिवचिव. जन्मात कधी ती वस्तीकडे आली नव्हती. विहिरीवरचे पोहरे थांबले. मी डाल्याला डोकं आपटायला लागले.

पंचफुला उठली नाही. बसूनच म्हणाली, "कामून आलात?"

"पिल्लं मरायलीत," सुमनबाई म्हणाली. "रातीपासून चुलीपाशी ठेवली, तरी मरायलीत. कोंबडी हाय का जिती?"

"हाय."

सुमनबाईनं बाभळीखाली पाहिलं आणि लगेच नजर वळवली. म्हणाली, हे टाकायला मी सांगितलं नव्हतं. पंचफुला म्हणाली, मी कुठं विचारलं. टोपल्यातला आवाज बारीक होत चालला होता, आणि तो बारीक होतोय हे तिथं मला एकटीलाच कळत होतं असं मला वाटलं. पण पंचफुलाची मानही त्याच बाजूला वळली होती.

एक म्हातारी म्हणाली, घेऊ नको ग, त्यांच्या घरचं काही घेऊ नको. पंचफुलानं तिचं ऐकून घेतलं. मग ती उठली, फडकं बाजूला केलं, आत बघितलं.

"पिल्लं ठेवा इथं," ती म्हणाली. "जाताना तुमच्या कोंबड्या घिऊन जावा, सुमनबाई."

या वेळी तिनं 'मालकीण' म्हटलं नाही. ते सगळ्यांनी ऐकलं.

सुमनबाईचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, गडी पाठवते.

"गडी आमच्यातलाच व्हता. त्याला काढलाय तुमी."

लिंबाजी विहिरीच्या काठावर उभा होता, अंगावरून ते घाण पाणी ओघळत होतं. कोणी हसलं नाही. कोणी पुढंही झालं नाही. पंचफुलानं डालं उचललं आणि पिल्लं एकेक करून माझ्या पोटाशी सोडली. थंडगार झाली होती. दोन हलत नव्हती. बाकीची माझ्या पंखात शिरली तेव्हा माझ्या अंगाला पाटीतला वास होता, पण पिल्लांनी वास घेतला नाही. त्यांना ऊब पुरली.

सुमनबाई रिकामं टोपलं घेऊन बाभळीखाली गेली. पदर नाकाला लावला, मग एका हातानं जमेना म्हणून तो सोडला. पहिली कोंबडी उचलली तशी तिच्या हातात नुसती पिसं आली. ती बाजूला वळून ओकली. तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली. टोपलं भरल्यावर तिनं ते कमरेवर घेतलं. लुगड्यावरून हिरवट पाणी पायांपर्यंत ओघळलं. आता ती बांधानं गेली नाही. सरळ गावाच्या रस्त्यानं गेली.

पुढचं मी पाहिलं नाही. लिंबाजी लांबून तिच्या मागं गेला होता, त्यानं संध्याकाळी सांगितलं. पारावर चंद्रभान आणि ठराववाली माणसं बसली होती. सुमनबाई त्यांच्यासमोरून गेली, तशी एकेकानं नाकाला उपरणं लावलं. ती चंद्रभानपाशी थांबली आणि एवढंच म्हणाली, "फावडं घ्या आणि या मागं." तो आला नाही. आपल्या परसात तिनं स्वतःच खड्डा खणला. आबासाहेब ओसरीवर बसून होते, ते उठले नाहीत. वस्तीच्या विहिरीत मात्र त्यानंतर कोणी काही टाकलं नाही.

यानं ठराव मोडला असं समजू नका. तो कधीच मोडला नाही. हायब्रीड ज्वारी काढायला आली, माणसं लागली, तसा तो पातळ होत गेला आणि एक दिवस दिसेनासा झाला. कुणी चुकलो म्हटलं नाही. लिंबाजी परत आबासाहेबांकडे गेला नाही, परभणीला हमालीला जातो. विहीर दोनदा उपसली, चुना टाकला, तरी किती तरी दिवस कुणाच्या घशाखाली ते पाणी उतरेना. लोक ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायचे. मग तेही आटलं. पंचफुला विहिरीचं पाणी पिताना अजूनही डोळे मिटते.

पिल्लांपैकी सात जगली. पंचफुलानं सगळी ठेवली. वाटा मागायला वरून कोणी आलं नाही. त्यांच्या पांढऱ्या कोंबड्या झाल्या, भरपूर अंडी देतात आणि मागे न बघता निघून जातात. त्यांची अंडी उबवायला मीच लागते, म्हणून मी म्हातारी झाले, अंडी बंद झाली, तरी मला कोणी कापलेलं नाही. विद्यापीठाचं नाव अजून जुनंच आहे, असं लिंबाजी परभणीहून आला की सांगतो. त्यासाठी मोर्चे निघतात म्हणे.

या वर्षी मी पुन्हा बसले आहे. टोपल्यात राख आहे, कडुलिंबाचा पाला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी खुडूक असेल तर तिला पाण्यात बुडवू नका. तिला वेगळं बसवा, रोज एकदा उठवा, पिल्लं झाली की पाणी उथळ ठेवा. आणि तुमच्या घरचं मेलेलं असेल, तर ते तुमच्या हातानं, तुमच्या जमिनीत पुरा. वास येईल. येऊ द्या.

आणखी बोलले असते, पण मी मान वर काढून बोलत बसले की कडेची अंडी गार पडतात.